कराचा हिशेब वाचण्याचा वारसा

जर्मनीत राहणारी आपली कुटुंबे दरमहा पगारपत्रकातील कपाती बारकाईने पाहतात. कोणता करवर्ग लागला, चर्च-कर चुकून वजा झाला नाही ना, एवढी खात्री पटली की कागद फाईलमध्ये जातो. कापलेला पैसा पुढे कोठे गेला, हा प्रश्न मात्र आपल्या घरांत आणि जयंतीच्या सभांतही क्वचितच निघतो. तो निघाला पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण हा प्रश्न आपल्या चळवळीइतकाच जुना आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी महसुलाचा माग काढला होता. तिजोरी कष्टकऱ्यांच्या घामाने भरते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतात, हे त्यांनी राज्यकर्त्यांपुढे मांडले. बाबासाहेबांनी तोच धागा शास्त्रीय अभ्यासापर्यंत नेला. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात जाताच त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. पुढे संविधान सभेत, नियंत्रक व महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत त्यांनी व्यक्त केले.

या वारशाच्या प्रकाशात आपले पगारपत्रक पुन्हा वाचावे. त्यातील निवृत्तिवेतन, आरोग्य व बेकारी विम्याचे हप्ते हे कर नव्हेत. ते त्या त्या विमा-संस्थांकडे जातात. पगारातून कापल्या जाणाऱ्या प्राप्तिकराचे मात्र तीन वाटे होतात : ४२.५ टक्के केंद्राला, ४२.५ टक्के राज्याला आणि १५ टक्के नगरपालिकेला. २०२४ चा केंद्रीय अर्थसंकल्प सुमारे ४७७ अब्ज युरोंचा होता. त्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग श्रम व समाजकल्याण मंत्रालयाकडे गेला आणि त्यातील फार मोठा हिस्सा निवृत्तिवेतन विम्याला आधार देण्यात खर्ची पडला. म्हणजे आज आपण देत असलेला कर शेजारच्या वृद्ध आजींच्या पेन्शनलाही हातभार लावतो. स्थलांतरित लोक तिजोरीवर भार आहेत, असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा ही माहिती आपल्या मुलांच्या ओठांवर असली पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांजवळ अद्याप भारतीय पासपोर्ट आहे. त्यांना येथे नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत देता येत नाही. दोन राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार देऊ केला होता. १९९० साली केंद्रीय संविधान न्यायालयाने तो रद्द ठरवला. परंतु मत नाही म्हणजे आवाजच नाही, असे समजू नये. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या नगरपालिका कायद्यानुसार अंदाजपत्रकाचा मसुदा लोकांसाठी खुला करावा लागतो आणि त्यावर हरकत घेण्यास किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. हा अधिकार कायद्याने ‘रहिवासी’ आणि ‘करदाता’ यांना दिला आहे. नागरिकत्वाची अट त्यात नाही. १९२१ साली बाबासाहेबांनी ज्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले, ते बॉन शहरही याच राज्यात आहे.

करदात्यांच्या नावाने बोलणारी संघटना येथे १९४९ पासून आहे. सरकारी उधळपट्टीची उदाहरणे ती दरवर्षी ‘काळ्या पुस्तकात’ छापते. ते काम उपयुक्त आहे. परंतु खर्च कमी कसा होईल, एवढाच प्रश्न आपला असू शकत नाही. सार्वजनिक पैशातून दिलेल्या शिष्यवृत्तीने आपल्या किती घरांत पहिला पदवीधर घडवला, हे आपण जाणतो. म्हणून आपला प्रश्न फुल्यांचाच आहे : पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला? तो न विचारल्यास काय घडते, हे दिल्लीने दाखवले. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या कामांकडे अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचे शेकडो कोटी रुपये वळवण्यात आले होते. माहितीच्या अधिकाराखाली कागद मागणारे कार्यकर्ते होते, म्हणून ते उघड झाले.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शहरातील आपल्या गटाने वर्षातून एक सभा स्थानिक अंदाजपत्रकासाठी राखून ठेवावी. लेखापाल, अभियंते, संशोधक आपल्यात आहेत. त्यांनी बालवाड्या, शाळा, घरबांधणी आणि निर्वासितांची सोय यांवरील आकडे मराठीत समजावून सांगावेत. जर्मन उत्तम जाणणाऱ्या आपल्या मुलामुलींनी मूळ कागद वाचून दाखवावा. त्यातून एखादी हरकत किंवा सूचना निघाली, तर ती मुदतीत लेखी पाठवावी. ‘शिका’ या आदेशात अंदाजपत्रक वाचायला शिकणेही येते, अशी आमची धारणा आहे.

जय भीम.