आवाज नेमका फाटतो कोणाचा?

‘हात्तिच्या, त्यात काय आहे एवढं!’ या एका वाक्याने आपल्याकडची जितकी यंत्रं बिघडवली असतील, तितकी गंजानेही बिघडवली नसतील. तरीही गाडीत स्वतःच्या हाताने अँप्लिफायर बसवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पान्या-पकडीशी झटापट करणं हे बँकेत बसून शिक्के मारण्यापेक्षा केव्हाही कर्तबगारीचं काम. माझं भांडण आहे ते त्यानंतरच्या वाक्याशी. गाणं सुरू होतं, आवाज थोडा वाढवला की गायिकेच्या गळ्यात कुणीतरी पत्रा हलवतंय असं वाटू लागतं, आणि बसवणारा छातीठोकपणे सांगतो, ‘‘स्पीकर भंगार निघाले!’’

आमच्या भाच्याने वर्षभरात स्पीकरचे दोन जोड असे भंगारात काढले. तिसऱ्या जोडाचे पैसे त्याने माझ्या बहिणीकडे मागितले, तेव्हा मात्र मला कंठ फुटला.

‘‘मामा, अँप्लिफायर हजार वॉटचा आहे. तुम्हाला नाही कळायचं.’’

‘‘त्याच्यावर फ्यूज किती अँपिअरचा आहे?’’

‘‘तीस.’’

आता मी पडलो बी. कॉम. पण गुणाकार वाणिज्य शाखेतही शिकवतात. इंजिन चालू असताना गाडीत विजेचा दाब साधारण १४ व्होल्ट. १४ गुणिले ३० म्हणजे ४२०. (आकडाही कसा समर्पक आला बघा!) आत जाणार ४२० वॉट, त्यातले बरेचसे उष्णता होऊन उडून जाणार, मग बाहेर हजार कुठून येणार? हजार छापायला नाशिकचा नोटांचा छापखाना लागतो. खोक्यावरचा आकडा ही जाहिरात असते; फ्यूजवरचा आकडा हे पासबुक असतं. विश्वास कशावर ठेवायचा, हे बँकेच्या माणसाने वेगळं सांगायला नको.

दुसरा गैरसमज ‘गेन’ नावाच्या बटणाचा. लोक त्याला आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत पिळतात. वास्तविक त्याचं काम एवढंच, की टेपकडून येणारा सिग्नल दोन व्होल्टचा आहे की चारचा, हे पाहून अँप्लिफायरचं त्याच्याशी जमवून द्यायचं. गेन पिळला की अँप्लिफायरकडे ऐपतीपेक्षा जास्त मागणी जाते. खात्यात शिल्लक नसेल तर आम्ही चेक परत पाठवतो. अँप्लिफायर भिडस्त. तो असेल तेवढं देतो आणि आवाजाच्या लाटेचा वरचा शेंडा सपाट छाटून टाकतो. हाच तो फाटका आवाज! अशा छाटलेल्या लाटेत सरासरी शक्ती वाढते, स्पीकरची कॉइल तापते आणि एक दिवस जळते. म्हणजे खून गेनने करायचा आणि फाशी स्पीकरला!

यावर उपाय फुकटचा आहे. इंजिन चालू ठेवा, बेस वाढवणारी सगळी बटणं बंद करा, गेन अगदी खाली आणा. टेपचा आवाज पाऊण पट्टीवर न्या. मग गेन हळूहळू चढवा. गळा फाटायला लागला की किंचित मागे या आणि हात खिशात घाला.

तरीही फाटतोय? मग बँकेत हिशेब जुळला नाही की आम्ही करतो तेच करा. एकेक नोंद तपासा. अँप्लिफायरला येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, तर दोष मागे, टेपमध्ये किंवा तारेत. तिथेच राहिली, तर पुढे, अँप्लिफायरच्या त्या बाजूला, स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत. मग स्पीकरही बदलून बघा. हा दोन मिनिटांचा तपास न करता स्पीकर बदलणं म्हणजे कॅश कमी भरली म्हणून टेबल बदलण्यासारखं आहे.

‘‘अर्थची तार तर लोखंडालाच लावलीय,’’ भाचा म्हणाला. लोखंडाला कुठली, रंगाला लावली होती! रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, तार आखूड आणि पॉझिटिव्ह तारेइतकीच जाड घ्यायची. नाहीतर ढोलकी वाजली की अँप्लिफायरकडचे व्होल्ट कोसळतात आणि पुन्हा शेंडे छाटले जातात. मीटर लावून बघा, खोटं वाटत असेल तर. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी मात्र फाटका आवाज नव्हे. तो बहुधा अल्टरनेटरचा सूर. त्याची चौकशी अर्थ आणि तारांच्या मार्गापासून सुरू करावी.

इथवर चेष्टा ठीक. पण बॅटरीपासून मागे जाणाऱ्या जाड तारेला बॅटरीजवळच फ्यूज न लावणारे, किंवा जळलेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग भेटले की मला हसू येत नाही. ती तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर आवाज नाही, गाडी जळते. आणि मागच्या सीटवर बहुतेक आपलीच पोरं असतात.

स्पीकरची बाजू मी एवढ्या हिरिरीने का मांडतोय, हे कळलं असेलच. स्पीकर हा शेवटच्या खिडकीवर बसलेला कारकून आहे. मागे कुणीही घोळ घातला, तरी तो बाहेर पडतो याच्याच तोंडून, आणि लोक ओरडतात ते यालाच.