फ्रॉईड म्हणजे स्वप्नफलाची पोथी नव्हे

'स्वप्नातल्या प्रत्येक वस्तूला फ्रॉईडने ठरावीक लैंगिक अर्थ चिकटवला,' हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान अपुऱ्या वाचनावर आधारलेले आहे. काही प्रतीके फ्रॉईडने सार्वत्रिक मानली, हे खरे. पण त्याचा मुख्य भर स्वप्न पाहणाऱ्याला एकेका तपशिलावरून काय काय आठवते, यावर होता.

जुलै १८९५मध्ये त्याला स्वतःला पडलेले इर्माचे स्वप्नच घ्या. इर्मा ही त्याची रुग्ण पूर्ण बरी होत नाही, याचा दोष स्वप्नात ऑटो या सहकाऱ्याच्या अस्वच्छ सिरिंजवर जातो. फ्रॉईडने त्यात वाचली ती लैंगिक वासना नव्हे, तर आपण निर्दोष ठरावे ही डॉक्टरची इच्छा.

स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, हा सिद्धान्तही त्याने आंधळेपणाने कवटाळला नाही. महायुद्धात मानसिक आघात झालेल्यांना तीच भीषण दृश्ये स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसतात. तिथे हा नियम लागू पडत नाही, हे त्याने १९२०मध्ये मान्य केले.

या सिद्धान्ताला प्रायोगिक पुरावा तोकडा आहे, ही टीका रास्त आहे आणि ती जरूर व्हावी. मात्र जे तो म्हणालाच नाही, त्याचे खंडन करून काय साधणार? टीकाकारांनी आधी मूळ ग्रंथ वाचावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा