सनरायझर्सचे दुखणे वेगळेच



'सनरायझर्स हैदराबादचे दिवस सरले, पैशाने जमवलेला संघ असाच कोसळतो' हे आपल्या स्तंभलेखकाचे मत वस्तुस्थितीला धरून नाही.

पहिले, पैशाचे. अभिषेक शर्मा 2019च्या आयपीएल हंगामासाठी दिल्लीकडून शिखर धवनच्या बदल्यात आलेल्या तिघांपैकी एक. तेव्हा तो जेमतेम 18 वर्षांचा होता. विशाखापट्टणमचा नितीशकुमार रेड्डी अवघ्या 20 लाखांत मिळाला. ही घडवलेली पोरे आहेत, आयती आणलेली नव्हेत.

दुसरे, लेखातल्या स्थानिकांना डावलल्याच्या आरोपाचे. इथल्याच मोहम्मद सिराजला 2017 मध्ये 2.60 कोटी मोजून आयपीएलमध्ये आणले ते हैदराबादनेच. पुढच्या लिलावात त्याला गमावले, हे मान्य. एप्रिल 2025 मध्ये गुजराततर्फे हैदराबादच्याच उप्पल मैदानावर 17 धावांत 4 बळी घेऊन त्याने त्या चुकीची किंमतही वसूल केली.

तिसरे, खरे दुखणे लेखात आलेच नाही. 2025च्या हंगामासाठीच्या लिलावाआधी पाच खेळाडू राखण्यात 120 पैकी 75 कोटी संपले. त्या पाचांत निखळ गोलंदाज एकटा पॅट कमिन्स. गोलंदाज भुवनेश्वर कुमार बंगळुरूकडे गेला, त्या हंगामात चषकही तिकडेच गेला, आपण सहावे.

अभिषेक आणि नितीश ऐन उमेदीत असताना मर्तिकाची तयारी कशाला? धावा भरपूर आहेत, गोलंदाज आणा.

— एक वाचक, काचीगुडा, हैदराबाद