सीमावादातील हेत्वाभास

ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या टिपणांतील उणिवा हुडकण्यात जातो, ते आमचे अधिकारी बांधव सीमाप्रश्न निघाला की स्वतःच्या युक्तिवादातील एकही उणीव पाहावयास तयार नसतात, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. बदलीवर म्हैसुरास आलेल्या मराठी मंडळींत बेळगावचा विषय निघतोच. पण तेथे वाद क्वचितच होतो, होते ती वितंडा. स्वतःचा पक्ष सिद्ध न करता केवळ प्रतिपक्ष खोडीत बसणे, यास न्यायशास्त्राने दिलेले हे नाव आहे.

१९६६ साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावे, निपाणी-खानापुरासह २६४ गावे महाराष्ट्रास व २४७ गावे म्हैसूर राज्यास द्यावीत, अशी शिफारस त्यांनी १९६७ साली केली. महाराष्ट्राने ती फेटाळली. यावर आमचे बांधव म्हणतात, महाजन आधीच एका बाजूस कलले होते, म्हणून अहवाल चूक. कन्नड सहकारी म्हणतात, महाजन सरन्यायाधीश होते, म्हणून अहवाल बरोबर. दोघांचाही दोष एकच! माणसावरून विधानाची सत्यासत्यता ठरत नाही. अहवाल खोडावयाचा तर त्याच्या आत शिरले पाहिजे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या व लोकेच्छा ही महाराष्ट्राची तत्त्वे बेळगावास कशी लागू पडतात ते दाखवावे. आणि तीच मोजपट्टी जत-अक्कलकोटकडील कन्नड खेड्यांस लावण्याची तयारीही ठेवावी.

“आयोग तुम्हीच मागितला, मग निकाल का मानीत नाही?” हा प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो. त्याचे सरळ उत्तर असे की, दिलेला शब्द पाळणे हा एक प्रश्न आणि आखलेली सीमा न्याय्य असणे हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा सुटत नाही. पण हे उत्तर देतो कोण? आमची मंडळी उसळून म्हणतात, “१९९१ साली कावेरी लवादाचा अंतरिम आदेश तुम्ही तरी कोठे मानलात?” दुसऱ्याचे घर गळते म्हणून आपले छप्पर शाबूत ठरत नाही.

तिसरा दोष तर खास या गावचा. १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत ‘म्हैसूर’ हे राज्याचेही नाव होते आणि शहराचेही. जुन्या कागदांतील ‘म्हैसूरचा विरोध’ म्हणजे राज्य शासनाचा विरोध. आमचे काही बांधव मात्र तो शेजारच्या घरातील निवृत्त शिक्षकाच्या माथी मारतात! ‘नव’ म्हणजे नवा की नऊ, या श्लेषावर प्रतिपक्षास अडविणाऱ्यास नैयायिकांनी वाक्छल करणारा म्हटले. आम्ही नावाच्या श्लेषावर शेजारी गमावतो.

याच शहरातील प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांना १९०५ साली कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी गवसली. राज्यकारभाराच्या त्या ग्रंथाने आरंभीच तर्कविद्येस सर्व विद्यांचा दीप म्हटले आहे. कारभार चालविणाऱ्यांस तिची गरज सर्वाधिक, हे त्या ग्रंथकारास पुरते ठाऊक होते.

कोणी म्हणेल, भावनेच्या प्रश्नात तर्काचा काथ्याकूट कशाला? २००४ साली महाराष्ट्राने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, म्हणून! तेथे आवाजाची उंची मोजीत नाहीत. सीमाभागातील मराठी माणसाने दोन पिढ्या खरी झळ सोसली आहे. त्याच्या बाजूने बोलताना खोटा हेतू पुढे करणे म्हणजे त्याचा खरा दावा दुबळा करणे होय. बेळगावसाठी तावातावाने बोलणाऱ्यांनी आधी आपले टिपण तपासावे. प्रतिपक्ष ते तपासणारच आहे.