खुंटी यंत्रावर, मणी कानावर

तंबोरा लावायला इलेक्ट्रॉनिक ट्यूनर वापरावा की नाही, यावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. माझं मत दोन्ही तटांना पसंत नाही. मी म्हणते, वापरावा की नाही हे नंतर बघू, आधी मुलांनी तो स्वतः बनवून बघावा.

हे सुचलं नातीमुळे. ती नववीत आहे, गाणं शिकते. आर्डुइनोचा बोर्ड, छोटासा मायक्रोफोन आणि तीन दिवे एवढ्याच सामानावर तिने सुट्टीत ट्यूनर केला. तार उतरलेली असली की डावा दिवा, चढलेली असली की उजवा, सुरात आली की मधला हिरवा. आधी तिने सोपी रीत धरली. आवाजाची लाट सेकंदात किती वेळा शून्य ओलांडते ते मोजायचं. पण तंबोऱ्यापुढे यंत्र पार गोंधळलं! कारण जवारी. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की तार घोडीला हलकेच घासत राहते आणि मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे सूरही ठळक उमटतात. त्या गर्दीत यंत्राला खर्ज सापडेना. मग तिने लाटेची प्रत थोडी थोडी पुढे सरकवून मूळ लाटेशी कुठे जुळते ते बघायची रीत घेतली. तिचा षड्ज काळी चारचा, म्हणजे सेकंदाला साधारण २०७.६ कंपनं. तिथे लाट ४.८ मिलिसेकंदांनी जुळते. यंत्र ताळ्यावर आलं.

खरी गंमत पुढे. बाजारातले बहुतेक ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. पियानो-गिटारला ते चालतं. एकेक भाग १०० सेंटचा, म्हणून त्यांचा पंचम ७०० सेंटवर. आपला पंचम षड्जाच्या बरोबर दीडपट, म्हणजे जवळजवळ ७०२ वर. फरक नगण्य वाटेल, पण चारही तारा एकत्र छेडल्या की साधारण दीड सेकंदाला एक असा संथ हेलकावा ऐकू येतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. गंधाराचा फरक तर १४ सेंटचा. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तो खर्जातूनच आपोआप निघतो, आणि तो यंत्राच्या ४०० वर नसून ३८६ वर असतो. नातीने तयार तक्ता काढून टाकला आणि दीडपटीचं साधं गणित घातलं. ट्यूनर विकत आणला असता तर हे तिला कोण सांगणार होतं?

आता दोन्ही तटांकडे वळते. मुलगा म्हणतो, फोनवर दोन मिनिटांत काम होतं, अर्धा तास कशाला घालवायचा? अरे बाबा, तो अर्धा तास म्हणजे गाण्याआधीची तयारी नव्हे, तोच पहिला धडा आहे. हेलकावा मंद होत होत थांबतो तो क्षण ज्याला ऐकू येतो, त्याला आपला गळा कधी घसरला तेही ऐकू येतं. पाढे न शिकता कॅल्क्युलेटर हाती आला की उत्तर मिळतं, पण ते चुकलं तर कळत नाही. तसंच हे.

नणंदबाई म्हणतात, यंत्राने कान बधिर होतात. त्यांना गुरूंजवळ बसून रोज तंबोरा लावायला मिळाला. आजच्या मुलांचा क्लास आठवड्यातून एकदा, पाऊण तास. घरी चुकलं तर सांगणारं कोणी नाही, आणि अंदाजाने खुंटी पिळून तारा तुटतात त्या वेगळ्याच. अशा मुलांना यंत्राचा आधार नाकारणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून आमच्याकडे मी एक नियम सुचवला आहे. खुंटी यंत्रावर, मणी कानावर. खुंटीने तार सुराच्या जवळ आणेपर्यंत दिवे बघावेत. मग यंत्र बंद करून मणी सरकवायचा आणि जवारीचा दोरा हलवायचा, तो फक्त ऐकून. गंधार बोलू लागला की तंबोरा लागला. त्यासाठी हिरवा दिवा नाही.

हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद झाला. पण तिथला कारागीर घोडी घासून जवारी काढतो ती कानाने. ती चांगली की वाईट हे ओळखणारे कानच उरले नाहीत, तर त्या मेहनतीचं मोल कोण देणार? मानांकनाने नाव टिकेल. जवारी टिकायची तर ती ऐकणारी मुलं हवीत.