फोर-बाय-फोर चिखलासाठी आहे, पुरासाठी नव्हे



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, बेणे, खोडवा आणि पाचट यांवर लिहावे असा शिरस्ता आहे. मीही आजवर तेच लिहीत आलो. या वेळी मात्र मोटारगाडीवर लिहीत आहे, आणि त्यास तसेच कारण घडले आहे. गेल्या पावसाळ्यात उसाच्या नोंदीसाठी शिवारात फिरत असता आपले एक तरुण सभासद ओढ्याच्या फरशीपुलापाशी भेटले. गाडी नवी कोरी. पुलावरून पाणी चालले होते. गाडीत मागे त्यांची मंडळी आणि दोन लेकरे बसलेली. मी म्हटले, "जरा थांबा की, पाणी उतरू द्या." ते हसून म्हणाले, "साहेब, फोर-बाय-फोर आहे. काढतो." आणि त्यांनी गाडी काढली. सुखरूप गेले, ही देवाची कृपा. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण अगदी हेच शब्द काही वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो, हेमलकशाच्या वाटेवर.

माझी थोरली ताई तिकडे असे. दाजी भामरागडला सरकारी नोकरीत आणि बिऱ्हाड हेमलकशाला. हा मुलूख पूर्वी चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होता, १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भामरागडपाशी मिळतात. १९७३ सालच्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया लोकांसाठी दवाखाना उभा केला. पुढे २००८ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. पावसाळ्यात पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा संपर्क तुटायचा, आणि हे एकेका पावसाळ्यात अनेकदा घडे. दवाखान्यात येणारी माणसे पायी येत, आजाऱ्याला खाटेवर घालून नाले ओलांडत येत.

अशा ठिकाणी जायचे म्हणून मी मोठ्या हौसेने जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण येथे कोणाची जाहिरात करायची नाही. गौरी-गणपतीच्या सुट्टीत मंडळी, मुले आणि आई यांना घेऊन निघालो. नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली. आलापल्लीपासून पुढे भामरागड पासष्ट किलोमीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंनी जंगल. संध्याकाळी एका नाल्यापाशी आलो तर रपट्यावरून पाणी. आपण ज्याला फरशीपूल म्हणतो त्याला तिकडे रपटा म्हणतात. अलीकडे एक काळी-पिवळी जीप उभी होती. तिचा ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत खर्रा घोटत बसला होता. मी काच खाली करून विचारले, "काय हो, जाईल का? माझी फोर-बाय-फोर आहे, काढतो मी." त्याने वरसुद्धा पाहिले नाही. म्हणाला, "नाल्याले काय समजते जी, गाडीले किती चाकं जोर लावते ते?"

मला राग आला. पण आई म्हणाली, "त्याचं ऐक. तो रोज या वाटेनं जातो, तू आज आलास." रात्र गाडीतच काढली. मुले बिस्किटे खाऊन झोपली. फोनला रेंज नाही, पलीकडे ताई वाट पाहत असणार, माझी नुसती चरफड.

सकाळी पाणी गुडघ्याखाली उतरले. ड्रायव्हर काठी घेऊन आधी पायी पलीकडे गेला, रपट्याची कड कुठे तुटली आहे ते पाहून आला आणि मग त्याची साधी, मागच्या दोनच चाकांवर चालणारी जीप आरामात पार झाली. पुढे मात्र नव्या पुलाचे काम चालले होते तेथे बाजूने मातीचा वळणरस्ता काढलेला होता, आणि त्या चिखलात त्याची जीप आसापर्यंत रुतली. माझी गाडी लो गिअरमध्ये सरळ निघाली. मग दोर लावून त्याची जीप मीच ओढून काढली. तेव्हा तो हसून म्हणाला, "हे काम हाय जी तुमच्या गाडीचं." पुढे वाटेत चौघे जण एका म्हाताऱ्याला खाटेवर घेऊन चालले होते. मुलांना मांडीवर घेतले, मागचे बाक आडवे केले आणि म्हाताऱ्याला हेमलकशाच्या दवाखान्यापर्यंत पोहोचवले. गाडी घेतल्याचे सार्थक झाले ते त्या सकाळी.

मंडळी, एका रात्रीत आणि एका सकाळी मला जे कळले ते आता हिशेबाने मांडतो.

गाडी पाण्यात का वाहते? एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. गाडीचा तळ साधारण चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटरच्या आत रुंद, म्हणजे साडेसहा चौरस मीटर धरा. पाणी तळाला लागल्यावर पुढच्या दर दहा सेंटिमीटरला ते गाडीला साडेसहाशे किलोच्या जोराने वर उचलते. गाडी सतराशे किलोची असेल तर तळाच्या वर पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर पाणी चढले की ती तरंगायला लागली. तळ जमिनीपासून चाळीस सेंटिमीटर धरला तर हे झाले जेमतेम सव्वादोन फूट पाणी. आणि तरंगण्याच्या बरेच आधी चाकांवरचा भार हलका होतो, टायरची पकड सुटते आणि प्रवाह गाडीला कडेला ढकलतो. जगभरचा अनुभवही हेच सांगतो: एक फूट वाहते पाणी लहान मोटार हलवते आणि दोन फूट वाहते पाणी जीपसारखी वाहनेही नेते. चाकच जमिनीवर टेकलेले नसेल तर दोन चाकांना जोर असला काय आणि चारांना असला काय!

चिखलात मात्र गोष्ट वेगळी. तेथे चाक जमिनीवर असते, फक्त घसरते. हे आपल्या ट्रॅक्टरवरून पटकन समजेल. एक चाक चिखलात गरगरा फिरते आणि दुसरे थंड उभे राहते, तेव्हा आपण पायाने डिफरेन्शियल लॉक दाबतो. मोटारीतही डिफरेन्शियल असतेच. म्हणून फोर-बाय-फोरलासुद्धा पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले तर लॉक नसलेली गाडी जागीच फिरत बसते. आणखी एक ध्यानात ठेवा, ब्रेक सगळ्या गाड्यांना चारच चाकांवर असतात. उताराच्या निसरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोर लवकर थांबत नाही, फक्त लवकर वेग घेते. माणूस फसतो तो येथेच.

आता घ्यायचीच झाली तर काय पाहावे? पूर्वी आपल्याकडे चार चाकांचा जोर म्हणजे जीप. महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. या गाड्या कामाच्या, कुटुंबाच्या नव्हेत. मागचे बाक आडवे, पाऊस आत, म्हाताऱ्या माणसाची कंबर मोडायची. जपानात हीच अडचण बर्फात तारा दुरुस्त करणाऱ्या वीज कंपनीच्या कामगारांना आली. जीप बर्फात चाले, पण आत माणूस गारठे. त्यांच्या मागणीवरून सुबारू कंपनीने साध्या कौटुंबिक गाडीला चार चाकांचा जोर दिला आणि १९७२ पासून तशी लांब पाठीची इस्टेट गाडी विकायला काढली. आपल्याकडे तशी बुटकी इस्टेट रुजली नाही. १९९२ ची टाटा इस्टेट आली आणि गेली, आणि तीही मागच्या दोन चाकांचीच होती. आपली कुटुंबे पुढे सफारी, स्कॉर्पिओ अशा उंच गाड्यांकडे वळली.

म्हणून पहिली गोष्ट: नावावर जाऊ नका. एकाच नावाची गाडी दोन चाकांची आणि चार चाकांची अशा दोन्ही प्रकारांत असते. २०२३ पासून थारसुद्धा दोन चाकांच्या जोराची मिळू लागली. विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि लीव्हर किंवा बटण डोळ्यांनी पाहा. दुसरी गोष्ट, माणसे मोजा. जिम्नी चिखलात चपळ, पण चौघांपुरती. घरात आई-वडील, दोन मुले आणि बाजाराची पोती असतील तर तिचा उपयोग काय? तिसरी गोष्ट, टायर पाहा. गुळगुळीत टायरची फोर-बाय-फोर म्हणजे धार गेलेला कोयता. चौथी, पुढे-मागे ओढण्याचे हुक आहेत का आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे आधी विचारा.

घेतल्यावरही काम संपत नाही. माझ्या गाडीचा लीव्हर मी पहिल्या दोन वर्षांत एकदाही टाकला नव्हता. हेमलकशाला निघण्यापूर्वी टाकून पाहिला तर जागचा हलेना! मिस्त्रीने तीन दिवस गाडी ठेवून घेतली आणि मला चार शब्द सुनावले, तेही बरोबरच होते. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर जोर लावून चालवा. कोरड्या डांबरावर मात्र लीव्हरची फोर-बाय-फोर लावू नका. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो पीळ गिअरवर बसतो. ट्रान्सफर केसचे आणि पुढच्या डिफरेन्शियलचे ऑईल वेळेवर बदला. वजन जास्त म्हणून डिझेल जास्त लागणार, तेही हिशेबात धरा.

शेवटी पैशाचे बोलतो, रागावू नका. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असा कायदा आहे, आणि बिल हाती आले की गाडीच्या शोरूमची आठवण होते, हेही मला ठाऊक आहे. माझे मत असे की, आधी एक कागद घ्या. वर्षात किती दिवस तुमची वाट खरोखर चिखलाची असते ते लिहा. दहा-बारा दिवस असेल तर साधी उंच गाडी आणि चांगले टायर पुरे. ते दिवस ट्रॅक्टरने निभतात. वस्ती काळ्या रानात आत असेल, चार महिने रस्ता नसेल, घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण असेल, तर फोर-बाय-फोर ही चैन नव्हे, गरज आहे. तेव्हा जरूर घ्या. पण सगळ्या उसाला ठिबक झाले नसेल तर पहिला हक्क ठिबकचा, दुसरा गाडीचा. ठिबक गाडीचा हप्ता फेडू शकते. गाडी ठिबकचा हप्ता फेडत नाही.

आणि गाडी घेतलीच तर ती वस्तीची समजा. रात्री-अपरात्री कोणी दार वाजवले तर किल्ली द्यायची नाही, स्वतः चालवत जायचे. कारण ओढा आडवा आला तर थांबायचे की निघायचे, हे त्या वेळी गाडीने ठरवायचे नाही, माणसाने ठरवायचे आहे.

त्या तरुण सभासदांनी हा लेख वाचला तर त्यांनी माझ्यावर रुसू नये. पुढच्या पावसाळ्यात पुलावर पाणी दिसले की गाडी बंद करावी, लेकरांना गोष्ट सांगावी आणि पाणी उतरण्याची वाट पाहावी, एवढीच कळकळीची विनंती. गाळपाला उशीर झाला तर ऊस वाळतो, थोडे वजन घटते, ते नुकसान आपण पुढच्या हंगामात भरून काढतो. सगळीच नुकसाने तशी नसतात.

आपला,
ऊस विकास अधिकारी