उंचीचा हव्यास आणि उंचीचे प्रयोजन

जगातील सर्वांत उंच इमारत अमेरिकेतच असावयाची, हा जवळजवळ शतकभराचा शिरस्ता १९९८ साली मोडला. क्वालालंपूरच्या पेट्रोनास जोडमनोऱ्यांनी ४५२ मीटरची नोंद करून शिकागोच्या सिअर्स टॉवरचा मान हिरावून घेतला, आणि तेव्हापासून तो मान आशिया खंडाबाहेर गेलेला नाही. २००४ मध्ये तो तैपेईकडे गेला, २०१० मध्ये दुबईकडे. पाश्चात्त्यांची एक मक्तेदारी संपली म्हणून कोणा आशियाई माणसास अभिमान वाटला तर त्यात गैर काहीच नाही. आम्हांसही तो वाटतो. मात्र या उंचीचा हिशेब जरा बारकाईने तपासू लागले की अभिमानास मुरड घालावी लागते.

पेट्रोनासचेच पाहा. तेथील छत सिअर्स टॉवरच्या छताहून खालीच आहे. जो जय झाला तो छतावर रोवलेल्या शिखरांमुळे. वर्गात उंची मोजताना टाचा उचलणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. त्यांना हसावे की त्यांची कीव करावी, हे ठरविणे कठीण जाते. दुबईच्या बुर्ज खलिफाने ही विद्या परमावधीस नेली. त्याची उंची ८२८ मीटर. त्यांपैकी माणसाच्या वापरातील शेवटच्या मजल्याच्या वर गेलेला भाग २४४ मीटरचा आहे, असे उंच इमारतींची मोजदाद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली दाखवून दिले. एवढ्या उंचीची स्वतंत्र इमारत कोणत्याही शहरात नजरेत भरली असती. येथे ती केवळ आकड्यासाठी उभी आहे.

या मनोऱ्याचे नावही बोलके आहे. बांधकाम चालू होते तोवर तो ‘बुर्ज दुबई’ होता. २००९ च्या डिसेंबरात दुबई कर्जाच्या गर्तेत सापडली असता शेजारच्या अबूधाबीने १० अब्ज डॉलरचा हात दिला, आणि पुढच्याच महिन्यात, ४ जानेवारी २०१० रोजी, उद्घाटनाच्या वेळी मनोऱ्यास अबूधाबीच्या शेखांचे नाव मिळाले. घर बांधावे आपण आणि पाटी लागावी सावकाराची, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस अपरिचित नसेल. ज्या हातांनी हा मनोरा चढविला त्यांत भारतीय व अन्य दक्षिण आशियाई मजुरांचा भरणा होता. मजुरी व वागणूक यांवरून २००६ च्या मार्चमध्ये तेथे दंगल उसळली होती. त्या मजुरांची नावे पाटीवर नाहीत, हे सांगावयास नकोच.

याउलट टोकियोचा स्कायट्री. त्याची उंची ६३४ मीटर. त्या प्रांताच्या जुन्या ‘मुसाशी’ या नावातील अक्षरे जपानी आकड्यांत ६, ३, ४ अशी वाचता येतात म्हणून ती तेवढी ठेवली. हौस तेथेही आहे तर! परंतु मनोरा उभा राहिला तो निकडीपोटी. १९५८ चा ३३३ मीटरचा टोकियो टॉवर भोवतालच्या इमारतींच्या गर्दीत प्रक्षेपणास अपुरा पडू लागला होता. भूकंपाच्या देशात एवढे उंच कसे जावे, या प्रश्नाचे उत्तर तेथील अभियंत्यांनी आपल्या पूर्वजांच्या पाचमजली लाकडी पॅगोडांत शोधले. पॅगोडाच्या मध्यभागी असतो तसा एक स्तंभ त्यांनी मनोऱ्याच्या पोटात, बाहेरच्या पोलादी सांगाड्याहून बव्हंशी अलग ठेवून, उभा केला. ११ मार्च २०११ चा प्रलयंकारी भूकंप झाला तेव्हा काम चालूच होते. मनोरा तगला, आणि आठवड्यातच त्याने आपली पूर्ण उंची गाठली. तैपेईच्या ५०८ मीटर इमारतीतही वाऱ्याचा झोला आवरण्यासाठी ६६० टनांचा गोल लंबक टांगलेला आहे व तो लोकांना पाहता येतो. पाहुण्यास सोन्याचा नळ दाखविण्यापेक्षा हे दाखविणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते.

या शर्यतीत सर्वाधिक वेगाने धावलेल्या चीनलाच आता धाप लागली आहे. त्येनजिन येथील ५९७ मीटरची एक इमारत २०१५ मध्ये माथ्यापर्यंत पोहोचली आणि पुढे वर्षानुवर्षे रिकामी उभी राहिली. २०२१ च्या मे महिन्यात शेनझेनमधील एक इमारत हादरू लागली व आतील हजारो लोक जीव मुठीत धरून पळाले; चौकशीअंती दोष निघाला तो छतावरच्या उंच खांबाचा. खांब उतरविला, इमारत शांत झाली. त्याच वर्षी चीन सरकारने ५०० मीटरांवरील नव्या इमारतींना बंदी केली. जेद्दा मात्र अजून थकलेले नाही. एक किलोमीटरच्या पलीकडे जाऊ पाहणाऱ्या तेथील मनोऱ्याचे २०१८ मध्ये थांबलेले काम २०२५ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाले आहे.

मुंबई या यादीच्या शेंड्याजवळ नाही, परंतु शर्यतीत आहे. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा अवघा ८५ मीटरचा. पण त्याच्या पायथ्याशी ग्रंथालय आहे आणि माथ्यावर साऱ्यांना वेळ सांगणारे घड्याळ. आजच्या ३०० मीटरांच्या इमारती शहरास काय देतात, हे जाहिरातींत आढळत नाही. त्या शहराकडून काय मागतात, हे मात्र कळते. २०२१ च्या ऑक्टोबरात करी रोड येथील साठाहून अधिक मजल्यांच्या इमारतीत १९ व्या मजल्यावर आग लागली. गॅलरीस लोंबकळणारा एक सुरक्षारक्षक हात सुटून पडला व मरण पावला. इमारतीची स्वतःची आग विझविणारी यंत्रणा त्या वेळी चालू नव्हती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. बंबाची शिडी कितीही लांब केली तरी तिला शेवट असतो. त्यापुढील मजल्यांचे रक्षण इमारतीतील पंप, नळ आणि जिने यांनीच करावयाचे असते.

२००६ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत व जुलैत, देणे इमारतीच्या मालकांवर व रहिवाशांवर बंधनकारक आहे. कायदा चांगला आहे. प्रमाणपत्र मात्र कोणत्या फायलीत विसावते ते रहिवाशास ठाऊक नसते. महापालिकेने ते प्रत्येक उंच इमारतीच्या प्रवेशद्वारी, इमारतीच्या नावाच्या पाटीशेजारी व तिच्याएवढ्याच ठळक अक्षरांत, लावावयास भाग पाडावे आणि ज्या इमारतीचे प्रमाणपत्र मुदतीत आलेले नाही तिचे नाव दर ऑगस्ट व फेब्रुवारीत जाहीर करावे. अशी यादी छापावयास आम्ही आनंदाने जागा देऊ.